बोलीवाले मडावी सर

मडावी सरांसमोर कोणी नवा शब्द बोललं की सर खुर्चीतून उभे राहतात. हात सरळ खाली, मान ताठ, नजर समोरच्या भिंतीवर. शाळेत राष्ट्रगीताला उभे राहतात तसे. मग काही न बोलता खाली बसतात आणि काम पुढे सुरू.

शब्द कोणता आहे याच्याशी त्यांना काही घेणं नसतं. दवाखान्यात आमच्या नंबराच्या आधी एक राईस मिलवाले शेठजी येत. लकव्यानं त्यांची वाचा गेली होती, आणि पुष्कळ दिवसांनी जो पहिला शब्द परत आला ती शिवी होती. समोरच्याच्या आईपर्यंत पोचणारी, चांगली खणखणीत. शेठाणीनं पदरात तोंड लपवलं. बाहेर बाकावर बसलेले आम्ही सगळे भिंतीवरचं लसीकरणाचं पोस्टर वाचायला लागलो. सर मात्र उभे. दार उघडं होतं म्हणून मला दिसलं. शेठजींना वाटलं आपल्याला मान मिळाला, म्हणून त्यांनी तीच शिवी पुन्हा दिली. या वेळी सर जागचे हलले नाहीत. जुन्या शब्दाला ते उठत नाहीत.

"सर, इनको ये मत सिखाओ," शेठाणी रडवेल्या आवाजात म्हणाली.

"सिखाया नहीं जी, मिला," सर म्हणाले. "अकेला आया है. अब औरों को लेके आएगा."

आणि खरोखरच त्या शिवीमागून शेठजींचा 'पानी' आला, 'चाय' आला, मुलाचं नाव आलं. शेठाणी पेढे घेऊन आली. मला एक पेढा मिळाला. तो मी खाल्ला, पण गोड लागला नाही. कारण तोवर मी मडावी सरांवर जळायला लागलो होतो.

मी लांजेवार. एसटीत कंडक्टर होतो. सगळी नोकरी तिरोडा-तुमसर बाजूला गेली, आता रिटायर होऊन कामठ्याला घरी असतो. माझा आवाज मोठा आहे. भरलेल्या गाडीत मागच्या सीटवरच्या माणसाला तिकीट विचारायचं तर मोठा आवाज लागतो, आणि घरी आल्यावर तो काही लहान होत नाही. आमच्या घरी मी बोलायचो आणि माझी बायको सुशीला, मी थांबलो की, एक वाक्य बोलायची. ते एक वाक्य असं असायचं की माझं आधीचं सगळं बोलणं पाण्यात जायचं. शेजारी ऐकून माझं घेत आणि वागत तिच्या वाक्याप्रमाणे.

एका दुपारी तांदूळ निवडता निवडता तिच्या हातातलं सूप खाली पडलं. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा, तिन्ही एकदम गेली. दवाखान्यातून घरी आल्यावर पाय परतला, हात अर्धामुर्धा परतला. वाचा आली नाही. तिला समजायचं सगळं, ते डोळ्यांत दिसायचं. पण सांगायला गेली की तोंडातून "ते... ते ते..." एवढंच निघायचं, आणि मग ती भिंतीकडे तोंड करून पडायची. मी बोलत राहिलो. शेवटी तिचं वाक्य येत नसल्यामुळे कुठं थांबायचं तेच मला कळेना.

डॉक्टरांनी सांगितलं, "यांना गोंदियात मडावी सरांकडे न्या. मंगळवार, शुक्रवार. बोलणं परत आणायचं काम तेच करतात."

दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर जिन्याला लागून त्यांची खोली आहे. पाटीवर 'वाचा उपचार तज्ज्ञ' लिहिलं आहे, पण खालचा चौकीदार सांगतो, "बोलीवाले साहब ऊपर." मला वाटलं होतं, बोलायला शिकवणारा माणूस म्हणजे चांगला बोलघेवडा असेल, आपलं जमेल. वर गेलो तर एक उंच, किडकिडीत माणूस बसलेला. नमस्काराला नमस्कार, तोही मानेनं. इतका कमी बोलणारा माणूस मी आयुष्यात पाहिला नाही. फोन आला तर उचलतात आणि 'हॅलो' न म्हणता कानाला लावून बसतात. पलीकडचा दोनदा ओरडून फोन ठेवून देतो. समोरच्या टपरीवर जाऊन नुसते उभे राहतात, चहावाला समजून घेतो. जगातले सगळे शब्द जणू पेशंटसाठी राखून ठेवले आहेत, स्वतःवर खर्च करायचे नाहीत.

पहिल्या दिवशी त्यांनी सुशीलाकडे पाहून विचारलं, "नाव काय जी?"

"सुशीला लांजेवार," मी सांगितलं.

"कोण्या गावच्या?"

"कामठा. बसस्टॉपच्या मागंच घर आहे," मी सांगितलं.

"जेवण झालं का?"

"झालं ना. भात, वरण, थोडी चवळीची भाजी. भाजी तिनं टाकली. मीठ जास्त झालतं."

एवढ्या वेळात सरांनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नव्हतं. आता पाहिलं.

"लांजेवारजी, तुमची वाचा चांगली आहे."

"आहे ना सर. नोकरीच तशी होती."

"मंग तुम्ही बाहेर बसा."

असा मी बाकावर आलो. चाळीसेक वर्षांचा संसार आत, मी बाहेर, आणि मधे एक अर्धवट उघडं दार.

दारातून जे दिसायचं त्यावरून सांगतो. सरांकडे एक मोठी कापडी पिशवी आहे. दुसरे लोक चित्रं दाखवतात म्हणे. सर खऱ्या वस्तू काढतात. कुलूप, विळा, बॅटरी, एका पायाची चप्पल. भाजीसुद्धा खरी. गोंदियाच्या बाजारात ते भाजी घ्यायला जातात तेव्हा एक वांगं, एक मिरची, एक कांदा, एक कारलं असं मागतात. भाजीवाल्या बाया त्यांना भगत समजत. एकीनं तर विचारलं होतं म्हणे, कोणावर उतारा टाकायचा आहे. आणि त्यांचा नियम असा, की पेशंटनं ज्या भाजीचं नाव सांगितलं ती पेशंटनं घरी न्यायची, ज्या भाजीचं नाव आलं नाही ती सर घरी नेऊन खाणार. एक रिटायर मास्तर कारल्याचं नाव चांगलं येत असूनही सांगत नसत. सरांना ते माहीत होतं. कारलं मुकाट्यानं पिशवीत टाकत.

वस्तू पेशंटच्या हातात देतात आणि मग वाट पाहतात. ही वाट पाहणं म्हणजे काय ते बाकावर बसल्याशिवाय कळायचं नाही. पंख्याचा आवाज, खालच्या रस्त्यावरचे हॉर्न, आणि आत कोणी काही बोलत नाही. मला वाटायचं, अरे चप्पल आहे, सांगून टाका ना. एकदा मी बाहेरूनच म्हणालो, "सुशीला, चप्पल." सरांनी मागं न पाहता पंजा वर केला.

"येऊन राहिला जी," ते म्हणाले. "रस्त्यात आहे."

हे वाक्य ते दिवसातून कितीदा म्हणतात. माझा त्याच्यावरही राग होता. गाडी येऊन राहिली, रस्त्यात आहे, हे सगळ्या नोकरीत मी लोकांना सांगत आलो, आणि लोकांनी मला शिव्या दिल्या. हेच हा माणूस सांगतो आणि लोक हात जोडतात.

मग एका शुक्रवारी आतून सुशीला हसली. मी बाकावरून अर्धा उठलो. ती आजारी पडल्यापासून घरी हसली नव्हती. काय झालं ते दिसेना, सरांची पाठ मधे होती. परतताना गाडीत मी विचारलं, "काऊन हासलीस?" ती खिडकीबाहेर पाहत राहिली. हसू अजून गालावर होतं आणि ते माझ्यासाठी नव्हतं.

त्यानंतर मी बघायला लागलो. मंगळवारी आणि शुक्रवारी ती लवकर उठते. साडी स्वतः काढून ठेवते, मी काढलेली परत ट्रंकेत टाकते. डाव्या हातानं तोंडाला पावडर लावते. आमच्या झाडाचा पेरू हातात घेऊन दाबून पाहते आणि चांगला तेवढा पिशवीत टाकते. मला उरलेले. तिला पहिला स्पष्ट शब्द आला तोही 'सर'. घरात पाणी पाहिजे असलं तरी मला बोलावताना 'ते ते', आणि मंगळवारी जिना चढताच 'सर'. सर अर्थात उभे राहिले. मी मागून पिशवी घेऊन येत होतो.

एकदा न राहवून मी त्यांना म्हणालो, "सर, तिले मले बोलवायचं शिकवा ना."

"काय म्हणे तुम्हाले?"

मी विचार करायला लागलो. नाव ती कधी घेतच नव्हती. "अजी म्हणे," मी म्हणालो.

"पाहू," सर म्हणाले. पण अजी काही आलं नाही. पुढच्या वेळी 'दुधी' आला. मी दुधी घेऊन घरी आलो आणि तो मलाच चिरावा लागला.

अशातच ते पाताळाचं प्रकरण झालं.

एका शनिवारी सकाळी ती उठून बसली आणि स्वच्छ म्हणाली, "पताल."

मी चहा गाळत होतो. हातातली गाळणी तशीच राहिली. "काय?"

"पताल," ती म्हणाली आणि बोट खाली दाखवलं. ओट्याखाली, जमिनीकडे.

इतक्या दिवसांनी बोलली आणि पाताळ म्हणाली. मी तिच्याजवळ बसलो, समजावलं, "असं बोलू नये. अजून पुष्कळ दिवस आहेत." ती चिडली. पुन्हा बोट खाली, पुन्हा "पताल." शेजारची वहिनी आली, तिनं ऐकलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "लांजेवारभाऊ, तिले काही दिसून राहिलं असंल. पोथी वाचा." मी पोथी काढली आणि तिच्या उशाशी बसून वाचायला लागलो. हळू वाचायचं ठरवलं होतं, पण माझा हळू आवाजही बसस्टॉपपर्यंत जातो. दुसऱ्या अध्यायात तिनं डाव्या हातानं वाटी फेकून मारली. मग उशीत तोंड घालून रडली. मीही मागच्या दारी जाऊन रडून आलो.

मंगळवारी मी सरांना सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. मग विचारलं, "हिचं माहेर कुठलं?"

"डोंगरगडच्या पुढचं. छत्तीसगडात. आमच्यात तिकडच्या सोयरिकी होतात. पण हे तुम्ही कधी विचारलंच नाही."

"तिले विचारलं होतं. तुम्ही कामठा सांगितलं."

एवढं बोलून ते खोलीतून निघून गेले. खिडकीतून पाहिलं तर खाली भाजीच्या गाडीवर. परत आले तेव्हा हातात एक टमाटर होता. तो त्यांनी सुशीलाच्या डाव्या हातात ठेवला.

तिनं तो गालाला लावला. "पताल," ती म्हणाली.

सर उभे राहिले. मग बसून तिला काहीतरी म्हणाले, ते मला समजलं नाही. मराठी नव्हतं, हिंदीही नव्हतं. सुशीलाचे ओठ हलले. मी दाराच्या चौकटीला धरून उभा होतो. मला बाहेर जायला सांगायचं सर विसरले होते.

"चटनी," ती म्हणाली.

सर पुन्हा उभे. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "टमाटराची चटणी पाहिजे तिले. तिकडं टमाटराले पताल म्हणतात."

ओट्याखाली आमची भाजीची टोपली असते. चार दिवस माझी बायको टमाटराची चटणी मागत होती आणि मी तिला पोथी वाचून दाखवत होतो.

"तोर नाव का हे?" सरांनी तिला विचारलं. एवढं मला समजलं. मी तोंड उघडलं होतं, पण सरांचा पंजा आधीच वर होता. बराच वेळ गेला. खालून एक मिरवणूक वाजतगाजत गेली, ती पार लांब जाईपर्यंत आम्ही तिघं तसेच.

"दुलारी," ती म्हणाली.

हे नाव मी विसरलो होतो असं नाही. सोयरीक आली तेव्हा ऐकलं होतं. लग्नात आमच्या आईनं सुशीला ठेवलं आणि मग सगळे सुशीलाच म्हणायला लागले, तीसुद्धा. तिकडची भाषा तिनं कधी सोडली हेही मला सांगता येणार नाही. तिचे आईवडील गेले, भाऊ मराठी शिकला, आणि घरात कोणी तसं बोलणारं राहिलं नाही. सर म्हणाले, असं होतं कधीकधी. नंतर घेतलेली भाषा दबून राहते आणि पाळण्यातली आधी वर येते.

घरी जाऊन मी चटणी केली. तिनं दोनदा मागून घेतली. मला आनंद झाला का, तर झाला. पण त्या आनंदाला धूर येत होता. पुढच्या शुक्रवारपासून आत त्या दोघांचं छत्तीसगढी सुरू झालं. एखादा शब्द ती, एखादा शब्द ते, मधे लांब लांब थांबणं, आणि हसणं. मी बाकावर. माझी बायको परक्या माणसाजवळ दुलारी होती, माझ्याजवळ 'ते ते' होती, आणि त्या दोघांच्या बोलण्यातलं मला काही कळत नव्हतं. शेजारी बसलेल्या मास्तरांनी मला विचारलं, तब्येत बरी नाही का.

तेव्हा मी ठरवलं की आपणही शिकायचं.

आमच्या गल्लीत एक घर बांधणं सुरू होतं. मिस्त्री रायपूरकडचा होता. मी विटांच्या ढिगावर जाऊन बसलो आणि म्हणालो, "बाबू, तुमच्या भाषेतलं एक वाक्य सांग. नवऱ्यानं बायकोले म्हणायचं. प्रेमाचं."

मिस्त्री बराच वेळ ओळंब्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "का साग रांधे हस."

"म्हंजे?"

"कौनसी भाजी बनाई है."

"अरे, प्रेमाचं सांग म्हटलं."

"यही है चाचा," तो म्हणाला. "हमारे में तो यही पूछते हैं."

मी ते वाक्य पाठ केलं. पिठाच्या गिरणीपर्यंत म्हणत गेलो, परत येताना म्हणत आलो. दुपारी तिच्यापुढे ताट ठेवलं, समोर बसलो, घसा साफ केला आणि विचारलं, "का साग रांधे हे?"

ती घास तोंडाजवळ नेता नेता थांबली. माझ्याकडे पाहत राहिली. या वेळी मी गप्प बसलो. कसा बसलो ते माझं मला माहीत.

"हस," ती म्हणाली.

हसायला सांगते आहे म्हटल्यावर मी हसलो.

"हस," ती जरा जोरात म्हणाली. मी आणखी हसलो. तिनं डावा हात कपाळाला लावला. हा हात ती पूर्वीही असाच लावायची, मी एखादी गोष्ट चुकीची सांगितली की.

"रांधे... हस," ती म्हणाली. 'हे' नाही, 'हस'. माझी चूक सुधारत होती. मग तिनं ताटातल्या वांग्याकडे पाहिलं. वांगं खालून लागलं होतं. तिनं ते बोटानं बाजूला केलं आणि तेच बोट माझ्याकडे केलं.

"तैं," ती म्हणाली. "तैं रांधे हस."

तू केलं आहेस. एवढंच. वाक्य बरोबर होतं आणि गोष्टही बरोबर होती. भाजी मीच केली होती, तर तिला काय विचारतो. एका वाक्यात माझं सगळं बोलणं पुन्हा पाण्यात गेलं. ती हसायला लागली. ते वरच्या मजल्यावरचं हसू, आमच्या स्वयंपाकघरात. हसता हसता तिला ठसका लागला, मी पाणी दिलं. नंतर मिस्त्रीनं सांगितलं की तैं म्हणजे तू. लग्नानंतर पहिल्यांदा बायकोनं मला अरे-तुरे केलं होतं आणि मी ते गल्लीभर सांगत फिरलो.

मंगळवारी मी जिना दोन दोन पायऱ्या चढलो. सरांना आधी काही सांगितलं नाही, सुशीलालाच म्हणालो, सांग. तिनं माझ्याकडे बोट करून सांगितलं. सर उभे राहिले. बसायला जरा जास्त वेळ लावला.

"हे मी नाही काढलं," ते म्हणाले. "हे तुमचं आहे."

मी छाती काढून उभा होतो. मग ते पाण्याचा ग्लास सरकवत म्हणाले, "आता मंगळवारी येऊ नका. शुक्रवारीच या. बाकीचं घरी होते."

मला वाटलं, जळला. कामठ्यापर्यंत मी खुशीत होतो. सुशीला खिडकीला डोकं टेकून झोपली होती आणि मी शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत होतो की मोठमोठ्या लोकांनाही दुसऱ्याचं चांगलं पाहवत नाही.

पुढं छत्तीसगढीच्या मागं मागं मराठीही परत आली. सगळी नाही. अजूनही एखाद्या शब्दापाशी ती अडते, दोन्ही भाषा एकाच वाक्यात येतात, आणि फोनवर तर तिचं काही समजत नाही. पण शेजारी परत तिच्या वाक्याप्रमाणे वागायला लागले आहेत. शुक्रवारही महिन्यातून एकावर आला आहे. पेरू मात्र अजून चांगले तेवढे तिकडंच जातात.

मागच्या उन्हाळ्यात अशाच एका शुक्रवारी आम्ही परतायला स्टँडवर आलो तर कामठ्याची गाडी नुकतीच निघून गेलेली. बसलो. दुपार कलली होती. सुशीलानं माझ्या दंडाला हात लावला आणि म्हणाली, "सर."

पलीकडच्या टोकाला, जिथं सालेकशाकडच्या गाड्या लागतात, तिथं मडावी सर बाकावर बसले होते. पिशवी नव्हती. गाडी आली, माणसं उतरली, माणसं चढली, गाडी गेली. सर बसलेलेच. दुसरी गाडी आली. सर तसेच. मला लगेच वाटलं, याचं कोणी तरी आहे. तिकडून येणार आहे. इतके दिवस मी ज्याच्या नावानं जळत होतो त्याचं गुपित आज कळतं.

आम्ही दोघं तिकडं गेलो. "कुठं जाऊन राहिले सर?" मी विचारलं.

"कुठीच नाही."

"मंग कोणाले घ्याले आले?"

"कोणाले नाही." त्यांनी सरकून सुशीलाला जागा दिली. मला वाटलं आता ते बोलणार नाहीत. पण सुशीला त्यांच्याकडे पाहत होती, काही न विचारता.

"आयकाले येतो," सर म्हणाले. "आमच्याकडच्या बाया उतरतात. गोंडीत भांडतात, लेकराइले बोलावतात. ते आयकतो."

"काऊन?"

"आई होती तवा घरी बोलणं होय. ती गेली." ते समोर रिकाम्या फलाटाकडे पाहत होते. "गावी भाऊ आहे. त्याचे पोरं शाळेत मराठी, बाहेर हिंदी. मी दिवसभर मराठी बोलतो, हिंदी बोलतो, हिच्यासंगं छत्तीसगढी. घरी आलो का काहीच नाही. घरी आवाजच नाही."

मग म्हणाले, "पेज थंडी झाली का वर पातळ साय धरते. आई तिले एक शब्द म्हणे. पंधरा दिवस झाले, मले तो आठवून नाही राहिला. विचारू कोणाले?"

तेवढ्यात एक गाडी लागली आणि एक म्हातारी गाठोडं डोक्यावर घेऊन उतरली, मागं वळून कोणाला तरी रागावत. शब्द एकही समजला नाही. सर मान किंचित वळवून ऐकत होते.

"बाई, ओ बाई," मी हाक मारली. म्हातारीनं नाही, अख्ख्या स्टँडनं वळून पाहिलं. "इकडं या. हे मडावी. तुमच्याकडचेच आहेत, सालेकशाकडचे. यांची आई वारली. यांच्यासंगं गोंडीत बोला थोडं."

"लांजेवारजी, राहू द्या," सर खाली मान घालून म्हणाले. त्यांचे कान तांबडे झाले होते.

म्हातारी जवळ आली. गाठोडं खाली ठेवलं. "सेवा जोहार," ती म्हणाली, आणि मग तिनं काहीतरी विचारलं, बहुतेक कोणाचा रे तू, असं. सरांनी हळू आवाजात उत्तर दिलं. तिनं आणखी विचारलं. सरांनी सांगितलं. मग त्यांनी डाव्या हाताची वाटी केली आणि उजव्या हाताच्या बोटानं तिच्यावरून काहीतरी अलगद उचलल्यासारखं करून दाखवलं.

म्हातारी दात नसलेल्या तोंडानं हसली आणि एक शब्द म्हणाली. सरांनी तो परत म्हटला. तिनं मान हलवली. मग ती गाठोड्यावरच बसली.

आणि मडावी सर बोलायला लागले.

दोन वर्षं मी या माणसाकडून दोन वाक्यं सलग काढू शकलो नव्हतो. पेरू दिले, चहा पाजला, माझ्या नोकरीतल्या सगळ्या गोष्टी सांगितल्या. आता ते थांबत नव्हते. हात हलत होते, भुवया वर जात होत्या, मधेच स्वतःशी हसत होते, म्हातारीचं वाक्य पुरं व्हायच्या आत बोलत होते. माझ्याकडे तर पाहतही नव्हते. जिची ओळख मीच करून दिली त्या बाईचा मला इतका राग आला की सांगता येत नाही.

कामठ्याची गाडी लागली. मी उठलो, पिशवी घेतली आणि सांगायला वळलो की सर, निघतो आम्ही.

सुशीलानं माझा शर्ट धरून मला खाली ओढलं.

"बइठ," ती हळूच म्हणाली. "बोलन दे."

मी बसलो. आमची गाडी समोरून निघून गेली.